साठची लेन्स आणि श्रीखंडाचा डबा

लेन्स निवडताना माणसानं किड्याचा विचार करावा, पर्सचा करू नये. हे वाक्य मी आता शांतपणे लिहू शकते. ज्या दिवशी मला ते कळलं, त्या दिवशी आमच्या घरात कुणीच शांत नव्हतं.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इंदूरला आले. पलासियाला एका ऑफिसात नोकरी करते आणि अन्नपूर्णा भागात तिसऱ्या मजल्यावर सासू, सासरे आणि नवरा यांच्याबरोबर राहते. बाल्कनीत माझ्या कुंड्या आहेत. एका सकाळी लिंबाच्या रोपाला पाणी घालत होते, तेव्हा पानावरच्या एका इवल्याशा कोळ्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. (कोळ्याला मान नसते, हे मला नंतर कळलं. पण त्यानं वळवली.) मी डावीकडे सरकले, तो डावीकडे वळला. मी उजवीकडे, तो उजवीकडे! लग्नानंतर माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथं ठरवलं, ह्याचा फोटो काढायचा.

फोनवर काढला आणि समीरला, म्हणजे नवऱ्याला, दाखवला.

"काय आहे हे? राईचा दाणा?"

"कोळी आहे."

"अच्छा. मला वाटलं, स्क्रीन खराब होऊन राहिली तुझी."

समीरकडे एक चांगला कॅमेरा होता. मांडूच्या सहलीसाठी घेतलेला, मांडूहून परत आल्यापासून कपाटात ठेवलेला. कॅमेरा चालेल, पण इतक्या बारीक जिवासाठी मॅक्रो लेन्स लागते, असं मला समजलं. आणि मी अभ्यासाला बसले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, घरी भाजी निवडताना, खजराण्याला गणपतीच्या दर्शनाच्या रांगेतसुद्धा मी लेन्सचे व्हिडिओ पाहायचे. माझ्यासाठी स्थळ शोधताना माझ्या वडिलांनी इतकी चौकशी केली नव्हती. (हे मी समीरला सांगितलं. तो म्हणाला, "दिसून राहिलंय.")

शेवटी दोन लेन्स उरल्या. एक साठ मिलिमीटरची आणि एक शंभरची. दोन्हींतून किडा सारखाच मोठा दिसतो आणि मागचं सगळं धूसर होतं. फरक इतकाच, की साठची लावली तर किड्याच्या चार बोटांवर जाऊन उभं राहावं लागतं आणि शंभरची लावली तर जवळजवळ वीतभर लांबून भागतं. पण शंभरची लांबलचक आणि जड. साठची आटोपशीर, हलकी आणि माझ्या ऑफिसच्या पर्सच्या मधल्या कप्प्यात अगदी फिट!

"शंभरवाली घे ना," समीर दुकानात म्हणाला. "किड्याच्या इतकं जवळ जाशील तर तो थांबेल का?"

"पण ती पर्समध्ये मावत नाही."

"तुला फोटो किड्याचा काढायचाय का पर्सचा?"

दुकानदारानं दोन्ही लेन्स काचेवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. नवरा-बायकोच्या भांडणात लेन्स विकत नाहीत, हे त्याला ठाऊक असावं.

घरी येऊन मी प्रश्न बाबांसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, ठेवला. बाबा निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "केतकी, विषयाच्या जवळ गेल्याशिवाय विषय समजत नाही." मला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी साठची घेऊन आले.

त्यानंतरचे दिवस मला फारसे आठवायचे नाहीत. कोळ्याच्या चार बोटांवर लेन्स नेली, की लेन्सची सावली त्याच्यावर पडायची. भर सकाळी रात्र झालेली पाहून तो जायचा. फुलपाखरू मी बाल्कनीचं दार उघडलं की जायचं. माश्या मी उठले की जायच्या. फक्त एक मुंगळा पळाला नाही. तो लेन्सवर चढला, तिथून कॅमेऱ्यावर आणि तिथून माझ्या भुवईवर. तो भुवईवर असताना मी जे ओरडले, ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या भाभी वर आल्या.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हे सगळं दारातून पाहिलं. त्या म्हणाल्या, "केतकी, तू फोटो काढते की त्यांना हाकलते? हाकलत असशील तर किचनमध्ये ये बेटा, तिथं झुरळं आहेत."

आता लेन्स बदलावी, असं कुणालाही वाटलं असतं. पण मी समीरशी त्यावरून भांडले होते! चूक कबूल करण्यापेक्षा किडा बदलणं सोपं होतं. मी पुन्हा व्हिडिओ पाहिले, आणि एका सद्गृहस्थानं मला मार्ग दाखवला. किड्याला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावं. थंडीनं तो सुस्तावतो. मग बाहेर काढून हवे तितके फोटो घ्यावेत. तो तासाभरात ताजातवाना होऊन निघून जातो.

एका शनिवारी सकाळी लिंबावर एक नाकतोडा आला. काय देखणा होता म्हणून सांगू! बोटभर लांब, कोवळ्या पानासारखा हिरवा. मी श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, त्यात लिंबाचं पान घातलं, पानावर नाकतोड्याला घेतलं, झाकणाला काट्यानं भोकं पाडली (क्रूरपणा नको!) आणि डबा फ्रिजमध्ये वरच्या फळीवर ठेवला. थोड्या वेळानं काढू, म्हटलं.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. बाबांनी तो उचलला, ऐकला, "हो" म्हणाले आणि खाली ठेवला. 

"कोणाचा होता?" आईंनी विचारलं.

"दादाचा. आज जेवायला येतो म्हणाला."

आईंच्या हातातली परात तशीच राहिली.

हे दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठे काका म्हणतो. म्हणजे मी त्यांच्या मागे म्हणायचे, कारण माझ्यावर समोर म्हणायची वेळच आली नव्हती. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत मोठ्या काकांचं नाव छापायचं राहिलं होतं. सगळ्या आत्या होत्या, मामा होते, नागदा आणि देवासचे लांबचे लोक होते; घरातला सर्वांत मोठा माणूस नव्हता. काकांनी विचारलं, "प्रूफ कोणी वाचलं?" बाबा म्हणाले, "छापखान्याची चूक आहे." काका म्हणाले, "मी छापखान्याबद्दल नाही विचारलं." बस्स. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकाच शहरात राहून एकमेकांच्या घरची पायरी चढले नाहीत. आमचं अन्नपूर्णा आणि काकांचं खजराणा यांच्यात रिक्षानं कितीसं अंतर आहे! थोडक्यात, हे भांडण आणि मी, दोघं ह्या घरात एकाच मुहूर्तावर आलो.

आदल्या महिन्यात बाबांच्या हृदयात स्टेंट घालावा लागला. आम्ही हॉस्पिटलात असताना मोठे काका रोज खालच्या पार्किंगपर्यंत यायचे. समीर खाली जाऊन त्यांना सगळं सांगायचा. ते ऐकून घ्यायचे आणि परत जायचे. वर आले नाहीत. बाबांना हे सांगू नकोस, अशी समीरला तंबी होती.

तर तो माणूस आज जेवायला येणार होता. घरात एकदम लगीनघाई सुरू झाली. आईंनी पुऱ्यांची कणीक मळली, मी भुट्टे किसायला घेतले, कारण भुट्ट्याचा कीस काकांच्या आवडीचा. बाबांनी कधी नव्हे ते इस्त्रीचा सदरा घातला आणि तो काढून दुसरा घातला. समीरला श्रीखंड आणायला पिटाळलं. त्यानं ते आणलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. वरच्या फळीवर. तोच डबा, तोच रंग, तेच झाकण. या गडबडीत माझ्या डोक्यातून नाकतोडा पार निघून गेला होता. मी देवाशपथ सांगते.

काका आले. उंच, ताठ, टक्कल पडलेले, जाड काचांचा चष्मा. काकूंच्या गुडघ्यांना तीन मजले झेपत नाहीत, म्हणून एकटेच होते. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "सुखी राहा." बाबा म्हणाले, "ये." काका म्हणाले, "हं." आणि दोघं टीव्हीकडे तोंड करून बसले. टीव्ही बंद होता.

आई दारातून माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. शेवटी आई म्हणाल्या, "चला भाऊजी, पानं घेतलीत."

जेवताना जरा बरं चाललं होतं. काकांनी कीस दुसऱ्यांदा घेतला. बाबा पावसाबद्दल एक वाक्य बोलले आणि काकांनी त्याला दुजोरा दिला. आईंचे डोळे भरून आले, आणि त्या पुऱ्या तळायला आत गेल्या.

"समीर, श्रीखंड काढ रे!" त्या आतून म्हणाल्या.

समीर फोनवर ऑफिसशी बोलत होता. बोलता बोलताच त्यानं फ्रिज उघडला, हाताला आला तो डबा काढला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. मी त्या वेळी पाणी ओतत होते. ("हलका लागला मला," तो नंतर म्हणाला. "वाटलं, मीच कमी आणलं असेल.")

काकांना श्रीखंड फार प्रिय. त्यांनी वाढण्याची वाट पाहिली नाही. डबा पुढे ओढला, चमचा हातात घेतला आणि झाकण उघडलं.

आत एक लिंबाचं पान होतं.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. मग अतिशय शांतपणे विचारलं, "बाळू, हे काय आहे?"

बाबांनी वाकून पाहिलं. "पान आहे, दादा."

"ते मला पण दिसून राहिलंय. श्रीखंड कुठंय?"

मला सगळं आठवलं. भरलेल्या पेल्यात मी पाणी ओततच राहिले. काकांचा चेहरा दगडासारखा झाला होता. एकदा पत्रिकेतून नाव गेलं, आज डब्यातून श्रीखंड गेलं! ते म्हणाले, "कमाल आहे. बोलावून माणसाला पान दाखवता?"

"भाऊजी, तुम्ही स्वतःच आलात," आई पुऱ्या घेऊन येत म्हणाल्या. त्यांना काय झालंय हे ठाऊक नव्हतं, त्या फक्त खरं बोलल्या. पण काही सत्यं पुरीबरोबर वाढू नयेत.

त्याच क्षणी पान हललं. चैतन्य परत आल्यावर जगाला पाहायची घाई कुणालाही होते. नाकतोड्यानं एकच झेप घेतली आणि तो काकांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बसला.

अख्खं घर थिजलं. काका एका डोळ्यानं आमच्याकडे आणि दुसऱ्यानं नाकतोड्याच्या पोटाकडे बघत होते. आणि त्या क्षणी, इतक्या वर्षांचं नातं तुटायच्या बेतात असताना, माझ्या मनात काय यावं? खिडकीतून प्रकाश किती छान येतोय, आणि हा बसलाय किती स्थिर!

काकांनी हात झटकला. चमचा उडाला, वाटी उपडी झाली, कढी टेबलावरून बाबांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. नाकतोडा पंख्याला लागता लागता वाचला, पडद्यावर बसला, तिथून टीव्हीवर, टीव्हीवरून थेट सोफ्याखाली.

"साप!" समीर फोनवर ओरडला. (त्यानं काही पाहिलंच नव्हतं. पलीकडचा ऑफिसातला माणूस अजूनही विचारतो, साप निघाला का?)

काका उठले. हात धुतला. दाराशी जाऊन चपला घालू लागले.

"काका, माझी चूक आहे," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "मी त्याला फोटोसाठी ठेवला होता. माझी लेन्स साठची आहे, फार जवळ जावं लागतं, किडे थांबत नाहीत, म्हणून फ्रिज..."

"फ्रिजमध्ये?" आई म्हणाल्या. मला त्या क्षणी काकांपेक्षा त्यांची भीती वाटली.

काकांनी माझं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांचा एक पाय चपलेत गेला होता. आम्ही सगळे त्या दुसऱ्या पायाकडे बघत होतो.

मागून आवाज आला. बाबा कढीचा सदरा तसाच ठेवून गुडघ्यांवर बसले होते आणि सोफ्याखाली डोकं घालत होते. "दादा, जरा थांब. हा कोपऱ्यात गेलाय. मला एकट्याला नाही धरता येणार."

काका गर्रकन वळले. "बाळू! उठ आधी! डॉक्टरनी वाकू नको सांगितलंय ना तुला?"

बाबा सोफ्याखालून हळूच बाहेर आले. "तुला कसं माहीत?"

 काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. समीरनं फोन ठेवला आणि म्हणाला, "बाबा, ते रोज यायचे. खाली."

बाबा तसेच जमिनीवर बसून राहिले. मग म्हणाले, "वर का नाही आलास?"

"तू बोलावलं होतं का?"

"मी बेशुद्ध होतो, दादा!"

आई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. हसायला की रडायला, ते मला अजून माहीत नाही. काकांनी चपलेतला पाय बाहेर काढला, धोतर जरा वर खोचलं आणि कमरेवर हात ठेवून, एकेक गुडघा टेकत, ते बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"सरक तिकडे. तू नेहमी मागून धरायला जातो. हा मागून नाही सापडत. पुढून हात लावावा लागतो, हा पुढे उडतो. किती वेळा सांगितलं होतं तुला लहानपणी मैदानावर?"

"त्याला साठ वर्षं झाली."

"मग? नाकतोडा बदलला का?"

दोन टकलं सोफ्याखाली गेली. आतून घुसमटलेले आवाज येत होते. "इकडे आला." "थांब." "तू हात नको लावू, तू फक्त बघ." "दिसत नाहीये." "चष्मा पूस तुझा, कढी लागलीय."  आणि मग बाबांचा आवाज, अगदी हलका, पण आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"दादा. ते प्रूफ मीच वाचलं होतं."

"माहीत आहे मला."

"चूक झाली माझी."

"बाळू, तू पहिलीपासून वाचताना ओळी गाळतो. आणि तुला हेडमास्तर केलं!" मग थांबून, "रडू नको आता. हलशील तर हा पळेल."

मी समीरकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

थोड्या वेळानं दोघं बाहेर आले. काकांच्या ओंजळीत नाकतोडा होता. त्यांनी बोटांची फट करून बाबांना दाखवला. "बघ. पाय पूर्ण आहेत." दोघांच्या टकलांना जाळं लागलेलं, बाबांच्या छातीवर कढी, काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोघं त्या फटीत असे बघत होते, की जणू आत सगळं मैदान आहे.

"केतकी," काका मान वर न करता म्हणाले, "आण ती तुझी लेन्स. आम्ही धरलाय, हा कुठे जात नाही. आमच्यासकट फोटो काढ."

मी धावत कॅमेरा आणला.  एवढ्या दिवसांत पहिल्यांदा किडा माझ्या चार बोटांवर थांबला होता! मी वाकले, श्वास रोखला आणि एकच फोटो काढला. दुसरा काढणार, तेवढ्यात काकांना शिंक आली.

नाकतोडा बाल्कनीतून गेला. आम्ही सगळे पुन्हा जेवायला बसलो. या वेळी डब्यात खरं श्रीखंड होतं, काकांनी ते चाटूनपुसून खाल्लं आणि निघताना बाबांना म्हणाले, "पुढच्या रविवारी तू ये. तळमजल्यावर राहतो मी, तुला चढायचं नाही." बाबा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले, आणि बराच वेळ वर आले नाहीत. आई मला फक्त एवढंच म्हणाल्या, "फ्रिज तू पुसशील." मी तीन दिवस पुसत होते.

काकूंना हे सगळं ऐकून राहवेना. त्यांना तो फोटो पाहिजे होता. दोघा भावांचा एकत्र फोटो, इतक्या वर्षांनी! मी तो मोठा करून, फ्रेम करून, समीरबरोबर खजराण्याला पाठवला. मी स्वतः गेले नाही, ऑफिस होतं. संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज अगदी भारावलेला होता.

"अगं, काय सुंदर फोटो काढला गं! त्या किड्याची मिशी न् मिशी दिसून राहिलीय. डोळा तर असा, की मोती! मी हॉलमध्ये लावून टाकला. येणारा-जाणारा बघतच राहतो."

"थँक्यू, काकू."

"फक्त एक विचारू, बेटा? मागे ते दोन बटाटे कशाला ठेवले होते?"

उजवीकडचा बटाटा म्हणजे त्यांचे यजमान आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.